पथ्य आणि प्रायश्चित्त

पथ्य हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे वाट, यावरून आला आहे. जें वाटेला धरून आहे, वाट चुकवीत नाहीं, तें पथ्य. शब्दाचें मूळ इतकें मोकळें असतां आमच्या घरांतून त्याचा उच्चार बहुधा कपाळाला आठी घालून होतो; कारण ‘हें खाऊं नको, तें खाऊं नको’ एवढाच त्याचा व्यवहारांतला अर्थ आतां उरला आहे. त्यांतहि दुखणाइताचें पथ्य निराळें आणि अंगावर पाजणाऱ्या आईचें निराळें. दुखणाईत स्वतःच्या शरीरासाठीं जिभेला आळा घालतो, आणि पथ्य मोडलें तर त्याचें फळ भोगतोहि तोच. आई मात्र दुसऱ्या जिवासाठीं ताटांतला घास बाजूला सारते. आणि पथ्य मोडल्याचा आळ तिच्यावर आला, तर ज्याच्यासाठीं हें सारें चाललेलें असतें त्याला बोलतां येत नसतें. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून नीतीचाहि आहे असें आम्हांस वाटतें. मुलासाठीं आईनें काय सोडावें, किती दिवस सोडावें, आणि हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांत भेटला नाहीं. तो आमच्याच कुटुंबांत उभा राहिला. आमची पुतणी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं, पुण्यास, आली होती. मुलगी झाली. पहिले चार आठवडे सुखाचे गेले. पुढें मूल तिन्हीसांजेच्या वेळीं किंचाळून रडूं लागलें. गालांवर आणि कोपरांच्या लवणींत तांबडे, खरखरीत चट्टे उठले. घरांत मुलीची पणजी होती, आजी होती, शेजारच्या दोन अनुभवी बायका होत्या, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हीहि होतों. प्रत्येकाला कारण ठाऊक होतें. प्रथम हरभऱ्याची डाळ गेली, कारण ती वातूळ. मग बटाटा गेला, वांगें गेलें, शेंगदाणे गेले, तूर, कोबी, टोमॅटो आणि लोणच्याची फोड, सर्व एकेक करून गेलें. एका संध्याकाळीं मूल घटकाभर राहीना, तेव्हां “काल मैत्रिणींनीं आणलेली भेळ खाल्लीस ना, तीच बाधली असेल,” हें वाक्य आमच्या तोंडून गेलें. पुतणीनें उत्तर दिलें नाहीं. मान खालीं घालून ती मुलीला थोपटीत राहिली.

तीन आठवड्यांनीं तिच्या ताटांत मऊ भात, मुगाचें वरण, दुध्या भोपळा आणि वर तुपाची धार एवढेंच उरलें. पेल्यांत मात्र कांहीं कमी नव्हतें. सकाळीं दुधांतली अळिवाची खीर, दुपारीं शतावरी घातलेलें दूध, रात्रीं निजतांना पुन्हां पेलाभर दूध. कारण दुधानें दूध येतें अशी सर्वांची खात्री. तिला लहानपणापासून दूध आवडत नसे. पण “आतां तुझ्यासाठीं नाहीं, बाळासाठीं पी,” असें म्हटलें कीं ती डोळे मिटून पेला रिकामा करी.

मग एके दिवशीं मुलीच्या दुपट्यावर रक्ताचे धागे दिसले, आणि सगळ्यांच्या तोंडचें पाणी पळालें. बालरोगांच्या डॉक्टरीणबाईंनीं मुलीस तपासलें, वजन पाहिलें. तें चांगलें वाढत होतें. आईचें खाणेंपिणें त्यांनीं बारकाईनें विचारून घेतलें आणि सांगितलें, “गाईम्हशीचें दूध, दहीं, ताक, लोणी, तूप, पेढा-बर्फी, दुधाची भुकटी घातलेलीं बिस्किटें हें सर्व चार आठवडे बंद. बकरीचेंहि दूध नको. बाकी आजपासून सगळें खायला लागा.” उठतां उठतां त्या आणखी म्हणाल्या, “आणि चार आठवड्यांनीं मला विचारून दूध पुन्हां घेऊन पाहायचें आहे, हें विसरूं नका.”

वरण, वांगें, शेंगदाणे, लोणचें ताटांत परत आलें. पेला गेला. आठ-दहा दिवसांत रक्त दिसेनासें झालें. चट्टेहि हळूहळू मावळले.

आतां यांतलें शास्त्र थोडें पाहूं. आईच्या आहाराचा पिणाऱ्या मुलाशीं संबंध आहे हें ज्ञान आपल्याकडे जुनें आहे. सुश्रुतानें बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन वर्ग केले. चरकसंहितेंत स्तन्याचे आठ दोष सांगून त्यांवर मुख्यतः पाजणारीच्याच शुद्धीचे उपाय दिले आहेत. पश्चिमेकडे ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ सालीं क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं बनविला. १९२१ सालीं अमेरिकेंत शॅनन या डॉक्टरांनीं गिनीपिगांवर प्रयोग करून, आईनें खाल्लेल्या अन्नांतील प्रथिनें तिच्या दुधांत उतरतात असें दाखविलें. संशयित पदार्थ आहारांतून वगळून पाहण्याची पद्धत त्याच दशकांत कॅलिफोर्नियांतील अल्बर्ट रो यांनीं रूढ केली. गाईच्या दुधांत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नांवाचें एक प्रथिन असतें. मानवी स्त्रीचें शरीर तें बनवीत नाहीं. तरी दूध पिणाऱ्या अनेक स्त्रियांच्या स्तन्यांत तें अत्यल्प प्रमाणांत सांपडतें. बहुतेक मुलांस त्याचें कांहींच होत नाहीं. थोड्या मुलांचें शरीर त्यास शत्रु समजून उठतें. म्हशीच्या व बकरीच्या दुधांतील प्रथिनें गाईच्या दुधांतील प्रथिनांशीं इतकीं मिळतींजुळतीं असतात कीं, एक सोडून दुसरें घेतल्यानें कांहीं साधत नाहीं. उलट हरभऱ्यानें आईच्या आंतड्यांत जो वायु धरतो, त्याला दुधांत उतरण्यास वाटच नाहीं.

असें किती मुलांस होतें? डेन्मार्कमधील ओडेन्से शहरांत १९८५ सालीं जन्मलेल्या १,७४९ मुलांवर डॉक्टरांनीं वर्षभर लक्ष ठेविलें. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी त्यांतील ३९ मुलांत ठरली, आणि केवळ अंगावर पीत असतांना ती उद्भवलेलीं मुलें अवघीं ९ होतीं. म्हणजे दोनशेंत एखादें. उलट रडणाऱ्या मुलांची गणती कोण करणार? तान्ह्या मुलांचें रडणें दीड महिन्याच्या सुमारास ऐन भरांत येतें आणि तीन-चार महिन्यांचीं होईतों बहुधा आपोआप ओसरतें. मग त्या दिवसांत आईनें जो पदार्थ सोडला असेल त्याच्या माथीं दोष बसतो आणि सोडविणाराच्या पदरीं यश पडतें. वांगें सोडलें आणि पंधरा दिवसांनीं मूल निवलें, तर तें वांग्यामुळें रडत होतें असें घरांत कायमचें ठरून जातें. पुढच्या पिढीच्या बाळंतिणीलाहि वांगें मिळत नाहीं. नुसत्या रडण्यावर आईच्या आहारांतील फेरबदलाचा कितपत उपयोग होतो याविषयींच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ सालीं कॉक्रेन संस्थेनें प्रसिद्ध केला. त्यांत उपलब्ध पुरावा तुटपुंजा आणि कच्चा आहे असाच निष्कर्ष निघाला.

आमच्या घरांतलें पहिलें पथ्य आणि डॉक्टरीणबाईंचें पथ्य हीं वरवर पाहतां एकाच जातीचीं; दोहोंत आईनें कांहीं तरी सोडावयाचें होतें. पण त्यांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. दुसरें पथ्य हा शरीराला विचारलेला एक प्रश्न होता. प्रश्न विचारणारानें तीन गोष्टी पाळाव्या लागतात: कारणाशिवाय विचारूं नये, दहा प्रश्न एकदम विचारूं नयेत, आणि उत्तर येईल तें, मग तें आपल्या मताविरुद्ध का असेना, ऐकून घ्यावें. त्या पथ्याला कारण होतें, मुदत होती, आणि शेवटीं परीक्षा होती. आमच्या पथ्याला यांपैकीं कांहींच नव्हतें. एक पदार्थ सोडून गुण आला नाहीं, तर तो परत मिळण्याऐवजीं दुसरा जात असे. गुन्हा शाबीत न होतां आरोपी तुरुंगांतच राहत होते, आणि नव्या आरोपींचा शोध सुरूच होता.

अशा पथ्यास खरें नांव प्रायश्चित्त हें आहे. प्रायश्चित्तांत पाप अगोदरच गृहीत धरलेलें असतें. तें कोणतें एवढेंच शोधावयाचें राहतें. मूल रडतें, अर्थी आईचें कांहीं तरी चुकलें, हें अनुमान इतक्या सहज होतें कीं तें अनुमान आहे हेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या संशयाची यादी आतां आठवून पाहतों तेव्हां मनाला लागतें. तींत चमचमीत तेवढें सगळें होतें, बाहेरचें तेवढें सगळें होतें, तिला आवडणारें बहुतेक सगळें होतें. दुधावर मात्र कोणाचा डोळा गेला नाहीं. दूध सात्त्विक, दूध देवाच्या नैवेद्याचें, आणि शिवाय तें ती नावडीनें पीत होती. जें कष्टानें गिळलें तें अपायकारक कसें असेल? पदार्थांची परीक्षा करतों असें आम्ही समजत होतों. वस्तुतः आम्ही तिच्या आवडीनिवडीची झडती घेत होतों.

कोणी म्हणेल, यांत एवढें बिघडलें काय? आई ती आई. दोन महिने डाळ खाल्ली नाहीं म्हणून कोणी मरत नाहीं. आणि मुलास यत्किंचित् अपाय होण्याचा संभव असेल तर सावध राहिलेलें काय वाईट? हा आक्षेप प्रेमापोटीं येतो हें आम्हांस मान्य आहे. आमच्या घरांतील वडील बायकांनीं जें केलें तें मायेनें केलें. त्यांनीं स्वतःहि आपापल्या काळीं असेंच गिळलें आणि असेंच सोडलें होतें. पण त्याग निरुपद्रवी असतो ही समजूत खरी नाहीं. पाजणाऱ्या स्त्रीस दररोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावें असें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलें. दूध सोडल्यावर तें कोठून यावयाचें? शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम असतें. तीळ, राजगिरा, पालेभाज्या यांत असतें. पण त्या जिनसाहि कोणी ‘उष्ण’ किंवा ‘वातूळ’ म्हणून बंद केल्या तर तें तिच्या हाडांतूनच जातें. शाकाहारी घरांत ब-१२ या जीवनसत्त्वाचा दूध हाच जवळजवळ एकमेव आधार. तें सोडून त्याची भरपाई औषधानें केली नाहीं, तर आईबरोबर तिच्या दुधावर वाढणाऱ्या मुलालाहि त्याचा तुटवडा पडतो, आणि त्याचे परिणाम मुलाच्या मेंदूपर्यंत पोंचतात. म्हणजे मुलासाठीं म्हणून केलेला आंधळा त्याग मुलालाच नडतो. डॉक्टरीणबाईंनीं दूध बंद करतांनाच या दोहोंच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, हें येथें सांगितलें पाहिजे.

दुसरें नुकसान तपासणीच्या नळींत दिसत नाहीं. ज्या आईला प्रत्येक घासाला ‘हा विषाचा तर नसेल?’ असें वाटतें, तिची आपल्याच दुधावरची श्रद्धा उडते. पुतणीनें पुढें एकदां आमच्या घरांतील मंडळीस सांगितलें, “काकू, त्या दिवसांत ती माझ्याकडे पाहून तोंड उघडायची, तेव्हां मला भीति वाटायची.” हें वाक्य ऐकल्यापासून सावधगिरीचा तो युक्तिवाद आमच्या तोंडून पुन्हां निघाला नाहीं.

याच्या उलट टोकालाहि मंडळी बसलेली आहेत. ‘मुलें रडतातच, नव्या आयांना उगीच शंका येतात,’ असें म्हणून तीं मोकळीं होतात. त्यांचें ऐकलें असतें तर रक्ताचे धागे धुतल्या दुपट्याबरोबर वाहून गेले असते. आईच्या अन्नानें मुलास बाधा होऊं शकते हें खरें आहे, आणि अशा वेळीं तो पदार्थ सोडणें हें तिचें कर्तव्यहि आहे. दोन्ही टोकांच्या मंडळींत साम्य एकच: आई सांगते काय हें विचारण्याची गरज दोघांनाहि वाटत नाहीं. एकाला ती अपराधी वाटते, दुसऱ्याला भोळी.

चार आठवडे संपले तेव्हां खरी कसोटी आली. मूल हंसतें आहे, शांत झोंपतें आहे, आणि आतां पुन्हां तेंच दूध प्यावयाचें! पणजीबाई संतापल्या. “आतां बरें आहे ना सगळें? मग पुन्हां विस्तवाशीं खेळ कशाला? मूल म्हणजे काय सोनें आहे, कसाला लावून पाहायला?” त्यांच्या रागांत माया होती आणि तर्कहि होता, आमचेंहि मन त्यांच्याच बाजूला झुकत होतें. पुतणीनें त्यांचा हात धरून म्हटलें, “आजी, बरें कशानें झालें तें कळायला नको का? नुसत्या दिवसांनीं झालें असेल तर मी वर्षभर उगीचच सोडायचें? आणि दुधानेंच होत असेल, तर तें एकदां नक्की कळलें म्हणजे माझ्या मनाला तरी स्वस्थता येईल.” डॉक्टरीणबाईंना विचारूनच तिनें अर्धा पेला दूध घेतलें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां घेतलें. तिसऱ्या दिवशीं दुपट्यावर एक बारीक तांबडा धागा दिसला. दूध पुन्हां बंद झालें, आणि या वेळीं तें शंकेनें नव्हे, ज्ञानानें बंद झालें. त्यानंतर तिनें कित्येक महिने चहासुद्धां बिनदुधाचा घेतला. पण तिची कुरकुर आम्हीं ऐकली नाहीं. सोडावयाचें काय आणि कशासाठीं हें ठाऊक झालें म्हणजे सोडणें हलकें होतें.

प्रायश्चित्त घेणाराला पुन्हां परीक्षा घेण्याचें कारणच उरत नाहीं, कारण त्याचा निकाल आधींच लागलेला असतो. पथ्य करणाराला मात्र सोडलेली वस्तु पुन्हां हातांत घेण्याचें धैर्य असावें लागतें. तिच्या जागीं दुसऱ्या कोणा आईला त्या तिसऱ्या दिवशीं कांहींच दिसलें नसतें, आणि ती त्याच संध्याकाळीं दहींभात खाऊन मोकळी झाली असती. तोहि निकाल तितकाच मोलाचा. आमच्या मतें सोडण्यापेक्षां ही फेरपरीक्षा अधिक नैतिक महत्त्वाची आहे. सोडतांना भीति पुरते. पुन्हां घेऊन पाहतांना सत्याची चाड लागते.

राहिला अधिकाराचा प्रश्न. पथ्य ज्याच्या ताटांत वाढलें जातें, शेवटचा शब्द त्याचा असावा. दोन महिने बिनदुधाचें खाऊन एखादी आई थकली, अशक्त झाली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें मुलास विशेष तयार केलेलें दूध देऊं लागली, तर तिच्या मातृत्वांत कांहीं उणें आलें असें म्हणण्याचा कोणास अधिकार नाहीं. मुलास आईच्या दुधाची गरज आहे तशीच धडधाकट आईचीहि आहे. आणि ज्या घराला तिच्या पथ्यावर बोलावयाचें असेल, त्यानें त्या पथ्याचा वांटा उचलावा. आमच्या भावानें त्या महिन्यांत बिस्किटांच्या पुड्यांवरील बारीक अक्षरें भिंगानें वाचलीं. जांवईबापूंनीं तिच्यासमोर दुधाचा चहा घेणें सोडलें. आणि पणजीबाईंनीं, रागावलेल्या असतांहि, नारळाच्या दुधांतली अळिवाची खीर शिजवून स्वतः तिच्यापुढें ठेवली. सल्ल्यापेक्षां ही खीर पुष्कळ श्रेष्ठ होती.

मुलगी अकरा महिन्यांची झाल्यावर डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखालीं प्रथम आईनें व मग मुलीनें दूध घेऊन पाहिलें. कांहीं झालें नाहीं. अशीं बहुतेक मुलें वर्षाच्या आंतबाहेर या त्रासांतून सुटतात. वाढदिवसाला आम्ही गेलों तेव्हां ती मांडी घालून दहींभाताचा काला अंगभर फांशीत बसली होती. जातांना आम्हीं कोपऱ्यावरून भेळेच्या दोन पुड्या बांधून नेल्या होत्या. पुतणीनें त्या पाहिल्या, आमच्याकडे पाहिलें, आणि हंसून म्हणाली, “काका, ही कशाबद्दल?” आम्ही म्हणालों, “प्रायश्चित्त. या वेळीं ज्याचें त्यानेंच घ्यावें म्हटलें.”